वादविवादाचा विषय काढताना

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मी विषय काढून दिला होता: ‘पर्यावरण रक्षण ही काळाची गरज आहे.’ आयोजकांना आवडला, बॅनरवरही छान दिसला. स्पर्धेच्या दिवशी अनुकूल बाजूची मुलं झाडं, नद्या, ओझोन असं करत एकामागून एक बोलून खाली उतरली. मग प्रतिकूल बाजूची एक मुलगी माइकपाशी आली. ‘सन्माननीय परीक्षक, मी विषयाच्या विरोधात माझे विचार मांडण्यासाठी उभी आहे’ एवढं म्हणाली आणि थांबली. हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. आणि पुढची चार मिनिटं ती असं बोलली की पर्यावरण रक्षण ही काळाची नव्हे, सर्वकाळाची गरज आहे.

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. परीक्षकही मीच होतो. खंडन नाही म्हणून मी तिला गुण कापले. रात्री परतीच्या एसटीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. त्या विषयात विरोधी बाजूला एकच फट होती आणि पोरीने ती शोधली होती. नापास व्हायला हवा होता विषय काढणारा.

वाङ्मय मंडळाचं काम अंगावर घेतलं की कधीतरी कुणीतरी म्हणतंच, ‘विषय तेवढा तुम्ही काढा हो.’ बॅनर, चहा, ट्रॉफ्या यांच्या यादीत हे काम सगळ्यात शेवटी असतं आणि पाच मिनिटांत उरकलं जातं. पहिल्यांदाच हे गळ्यात पडलंय अशांसाठी हे लिहितोय.

आधी स्पर्धा कोणती ते विचारा

वक्तृत्वाचा विषय आणि वादविवादाचा विषय यांत फरक आहे, आणि निम्मा घोळ इथेच होतो. ‘मला समजलेली माझी आई’ हा वक्तृत्वाला झकास विषय आहे. कवितेची ओळ, म्हण, एखादा नुसता शब्दसुद्धा चालतो, कारण तिथे वक्त्याने स्वतःची वाट काढायची असते. वादविवादात वाट दोघांची मिळून असते आणि त्यांनी ती अडवायची असते. काव्यमय विषय दिला, की पहिली दहा मिनिटं ‘विषयाचा अर्थ आम्ही असा घेतो’ यातच जातात.

मग पद्धत विचारा. आपल्याकडे मराठी स्पर्धांत बहुतेक वेळा एका महाविद्यालयाचे दोन स्पर्धक असतात, एक अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. विषय तीन-चार आठवडे आधी कळवलेला असतो. पाच मिनिटं, मग घंटा, मग आणखी एखाददोन मिनिटं. वीस महाविद्यालयं आली तर एकाच विषयावर चाळीस भाषणं होतात! हे गणित विषय काढताना कुणाच्या डोक्यात नसतं. ज्या विषयात प्रत्येक बाजूला तीनच मुद्दे आहेत, तो आठव्या स्पर्धकापाशी संपतो. पुढची बत्तीस भाषणं म्हणजे परीक्षकांना शिक्षा, आणि ज्यांचा क्रमांक उशिरा लागला त्या मुलांवर अन्याय.

पुण्या-मुंबईतल्या विधी आणि इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत इंग्रजीतून जी पार्लमेंटरी पद्धत चालते, तिथेही दुखणं हेच, रूप वेगळं. ब्रिटिश पार्लमेंटरीत चार संघ असतात, प्रत्येकी दोन वक्ते, प्रत्येकाला सात मिनिटं. मोशन, म्हणजे वादाचा विषय, जाहीर झाल्यावर तयारीला फक्त १५ मिनिटं. एकाच बाजूचे दोन संघ एकमेकांशीही स्पर्धा करत असतात, त्यामुळे मागून येणाऱ्या संघासाठी काहीतरी नवं शिल्लक राहायला हवं. एशियन पद्धतीत तीन-तीन वक्त्यांचे दोनच संघ, तयारीला साधारण अर्धा तास, आणि तीन मोशनांतून पसंतीक्रम लावून एक निवडायचं. म्हणजे तिथे विषयाची खोली थोडी कमी असली तरी निभतं. तीन-चार आठवडे आधी कळवलेल्या विषयाची अडचण निराळी. मुलं भाषण पाठ करून येतात, कधीकधी सरांनी लिहून दिलेलं. तिथे विषय असा हवा की पाठ केलेलं भाषण समोरच्याच्या पहिल्या मुद्द्यालाच तोकडं पडावं.

कच्चा माल

इंटरनेटवरच्या ‘१०० वादविवाद विषय’ छापाच्या याद्या उघडू नका. त्या मुलांनीही उघडलेल्या असतात.

मी एक साधी खूण वापरतो: ज्या दोन माणसांना मी शहाणं समजतो, ती एखाद्या गोष्टीवर खरोखर भांडत असतील, तर तिथे विषय आहे. आणि सरकारनेच स्वतःचा निर्णय फिरवला असेल तर दुधात साखर. महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. कायदा दोनदा उलटला याचा अर्थ दोन्ही बाजूंना जीव आहे. थेट निवडलेल्या सरपंचामागे लोक असतात, पण सदस्य विरोधी गटाचे असले तर पाच वर्षं ठराव अडकतात. हे गावाकडच्या मुलाला कुठल्या पुस्तकात शोधावं लागत नाही, त्याने ते पाहिलेलं असतं.

जुन्या वादांतूनही शिकायला मिळतं. १८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करायचं होतं. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. आज कुणी ‘बालविवाह वाईट आहे’ असा विषय ठेवला तर विरोधी बाजूचं तोंड शिवलं जाईल. पण टिळकांच्या विरोधातला एक मोठा मुद्दा असा होता की समाजात काय बदलायचं हे परक्या सरकारने कायदा करून ठरवू नये. ‘परकीय सरकारने कायद्याने समाजसुधारणा करावी’ असं विधान केलं की त्याच प्रकरणात एकदम दोन बाजू उभ्या राहतात. आशय तोच. रेघ कुठे मारली, एवढाच फरक.

विधान करा

‘मोबाईल: शाप की वरदान’ यात अनुकूल कोण? शापवाला की वरदानवाला? या प्रश्नावर मी आयोजकांना स्पर्धेच्या सकाळी वाद घालताना पाहिलंय, आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो वाद स्पर्धेपेक्षा रंगला होता. विषय म्हणजे होय-नाही म्हणता येईल असं एक पूर्ण वाक्य. त्यात कोणी, काय, कोणासाठी हे दिसलं पाहिजे.

ढोबळमानाने तीन साचे पुरतात. पहिला, काहीतरी करावं असं म्हणणारा: ‘महाविद्यालयांत विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका घ्याव्यात.’ दुसरा, मूल्याचं माप करणारा: ‘अमुकपेक्षा तमुक बरं’, ‘अमुक गोष्ट समाजाच्या हिताची आहे’. तिसरा थोडा कठीण: ‘अमुक झालं नसतं तर बरं झालं असतं.’ इंग्रजी स्पर्धांत यालाच खेद व्यक्त करणारं मोशन म्हणतात. यात मुलांना न घडलेलं जग रंगवावं लागतं. नवख्यांच्या स्पर्धेत पहिला साचा घ्या, तिसरा अंतिम फेरीला राखून ठेवा.

कागदावर उभी रेघ

आता मुख्य काम. कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे अनुकूल, उजवीकडे प्रतिकूल. घड्याळ लावून पंधरा मिनिटं दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहा. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो.

मला दारूबंदीवर विषय हवा होता. पहिला खर्डा: ‘व्यसन: समाजाला लागलेली कीड.’ रेघेच्या उजवीकडे काहीच आलं नाही. गेला.

दुसरा: ‘राज्यात संपूर्ण दारूबंदी व्हावी.’ आता उजवीकडे माल आला. चोरटी दारू, बुडणारा महसूल, पोलिसांचे हप्ते. पण डावीकडचं सगळं अश्रूंवर उभं. पहिल्या दोन वक्त्यांनी उद्ध्वस्त संसार सांगितला की तिसऱ्याने काय सांगायचं? शिवाय हा विषय इतका घासलेला की भाषणं तयार मिळतात.

तिसरा: ‘चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठवणं योग्य होतं.’ तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून ती आहे. खरा प्रसंग, खरी माणसं, तुलनेला शेजारी. पण स्पर्धा कोकणात होती. चंद्रपूरचा तपशील विदर्भातून आलेल्या एका संघाला तोंडपाठ असणार आणि बाकीचे बातम्यांची कात्रणं वाचणार. मोह आवरला.

चौथा: ‘दारूबंदीचा निर्णय जिल्ह्यासाठी न घेता गावावर सोपवावा.’ आपल्याकडे आडव्या बाटलीचं मतदान आहेच. गावातल्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. डावीकडे लिहायला लागलो: त्रास जिचा तिचा निर्णय, बंदी आपण आणली असं वाटलं की गाव स्वतः पहारा देतं, बायकांना एकत्र यायला निमित्त मिळतं, वरून लादलेली बंदी कुणाचीच नसते. उजवीकडे: इथे बंद आणि तीन किलोमीटरवर चालू, मग उपयोग काय, दुकानदार पुढाऱ्याचाच भाऊ असला तर बाई कुणाच्या जिवावर मतदानाला बाहेर पडेल, पोलीस ठाणं गावाचं नसतं, तालुक्याचं असतं, आणि ज्या गावाला बंदीची सगळ्यात जास्त गरज, तेच गाव संघटित व्हायला सगळ्यात दुबळं.

कागद भरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हीकडचे मुद्दे एकमेकांना भिडत होते. गावाची आपुलकी विरुद्ध जिल्ह्याची ताकद. ‘बंदी आपली वाटते’ याला ‘आपली वाटून पोलीस येत नाहीत’ हे थेट उत्तर आहे. नवखे इथे फसतात. दोन्ही रकान्यांत सहा-सहा मुद्दे दिसले की त्यांना वाटतं झालं, विषय समतोल आहे. पण डावीकडचे सहा शेतीबद्दल आणि उजवीकडचे सहा शहराबद्दल असतील तर दोन वक्ते दोन वेगळ्या खोल्यांत बोलल्यासारखे बोलतील. मुद्दे मोजू नका. डावीकडच्या प्रत्येक मुद्द्यावरून उजवीकडे बाण काढता येतो का ते बघा.

शेवटची परीक्षा मनातली. तुम्हाला स्वतःला बोलायचं असतं तर कुठल्या बाजूची चिठ्ठी यावी असं वाटलं असतं? उत्तर लगेच आलं तर विषय कललेला आहे.

एका ‘च’ची किंमत

वरच्या विषयातलं ‘न घेता’ मला खटकत होतं. विधानात नकार असला की प्रतिकूल वक्ता नकाराचा नकार करतो आणि मागच्या रांगेला कोण कुठल्या बाजूचं तेच कळेनासं होतं. म्हणून लिहिलं: ‘दारूबंदीचा निर्णय गावपातळीवरच व्हावा.’ वाक्य सुटसुटीत झालं, पण एक ‘च’ आत आला.

मराठीत विषय काढणाऱ्याने या अक्षराला भ्यावं. ‘प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे’ आणि ‘प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे’ ही दोन वेगळी युद्धं आहेत. पहिल्यात प्रतिकूल बाजूला शस्त्रच नाही, कारण मातृभाषेतून शिकायला बंदी कोण घालतंय? दुसऱ्यात सगळा बोजा अनुकूलवर. मेळघाटातल्या कोरकू घरातल्या मुलाचं काय, नंदुरबारकडच्या भिल्ली बोलणाऱ्या मुलीचं काय, त्यांना मराठी हीसुद्धा मातृभाषा नाही, याचं उत्तर अनुकूल बाजूनेच द्यायचं. प्रतिकूल वक्त्याने एवढं एक उदाहरण दिलं की डाव संपला. विषय काढणाऱ्याच्या मनात बहुधा ‘मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम’ एवढंच असतं. मग तेच लिहा ना. ‘सरकारी मराठी शाळांतले सेमी-इंग्रजीचे वर्ग बंद करावेत’ म्हटलं की गणित-विज्ञान कुठल्या भाषेत शिकवायचं यावर सरळ लढत होते.

‘च’चे भाऊबंदही आहेत: फक्त, केवळ, सर्व, पूर्णपणे, कधीही, एकमेव. ९ फेब्रुवारी १९३३ ला ऑक्सफर्ड युनियनमध्ये झालेला ठराव प्रसिद्ध आहे: हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही. २७५ विरुद्ध १५३ मतांनी तो मंजूर झाला आणि इंग्लंडभर गदारोळ उठला. त्यातलं ‘कोणत्याही परिस्थितीत’ काढून पाहा. गदारोळ निम्मा होतो, वाद मात्र जास्त न्याय्य होतो. युनियनमध्ये सभासद मत देत होते, त्यामुळे तिथे ठिणगी पाडणारी भाषा खपली. तुमच्याकडे गुणपत्रिका घेऊन तीन परीक्षक बसलेत आणि एका मुलाला ते ‘कोणत्याही परिस्थितीत’ सिद्ध करायचंय.

दारूबंदीच्या विषयात ‘च’ मी ठेवला. तिथे तो हवा होता. जिल्हाबंदी आणि गावबंदी दोन्ही चालतील असं म्हणायला वाट ठेवली असती तर अनुकूल वक्ता दोन दगडांवर पाय ठेवून सुटला असता.

कोणाला काय माहीत आहे

एक खोली कल्पा. त्यात शहरातल्या नामवंत कॉलेजची टीम आहे आणि तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयातून पहाटेच्या गाडीने आलेली टीम आहे. क्रिप्टोकरन्सीचा विषय काढलात तर तुम्ही वादविवादाची नाही, वाचनालयाची स्पर्धा घेतलीत. विषय नवा हवाच असेल तर माहितीची चिठ्ठी सोबत द्या, पाच-सहा ओळींची. इंग्रजी स्पर्धांत तिला इन्फोस्लाइड म्हणतात. तिच्यात काय आहे एवढंच लिहायचं, बरंवाईट नाही. ‘दुर्दैवाने’ किंवा ‘ऐतिहासिक’ असला शब्द आला की परीक्षकांनी आपला कल सांगून टाकला असं मुलं समजतात, आणि बरोबर समजतात.

बोलणारा कोण आहे

आरक्षण, धर्म, लिंगभाव यांवर विषय काढू नयेत असं मी म्हणत नाही. गुळगुळीत विषयांनी स्पर्धा मरतात. पण बाजू चिठ्ठीने ठरते हे विसरू नका. ‘आरक्षण रद्द व्हावे’ या विषयात एखाद्या मुलाला उभं राहून आपण वर्गात बसणंच अन्यायाचं आहे असं सांगावं लागेल, आणि समोर त्याचेच मित्र असतील. त्याच क्षेत्रातला ‘खासगी नोकऱ्यांत आरक्षण लागू करावे’ हा विषय तितकाच धगधगता आहे, पण तिथे धोरणाशी झुंज होते. कुणाच्या जन्माशी होत नाही. एखाद्या माणसाला स्वतःच्या असण्याचा बचाव करावा लागतोय का, एवढं तपासा.

हल्ली त्यात मोबाईलची भर पडली आहे. चिठ्ठीत आलेल्या बाजूने मुलगी तावातावाने बोलते, त्यातले तीस सेकंद कुणीतरी रीलवर टाकतं, आणि गावात ते तिचं मत होऊन फिरतं. निवेदकाला दर दहा वक्त्यांनंतर एकदा सांगायला लावा की बाजू चिठ्ठीने ठरलेल्या आहेत. व्यासपीठावर स्थानिक पुढारी बसणार असतील तर दोनदा.

आधी आणि नंतर

विषय पक्का करण्याआधी दोन माणसांना वाचायला द्या, त्यातला एक वादविवादाशी संबंध नसलेला असू द्या. कॅन्टीनवाले काका चालतील. वाचून ‘म्हणजे काय?’ असं विचारलं तर वाक्य बदला, समजावून सांगत बसू नका. स्पर्धेत समजवायला तुम्ही नसता.

स्पर्धा झाली की गुणपत्रिका रद्दीत घालू नका. अनुकूलवाल्यांच्या गुणांची सरासरी काढा, प्रतिकूलवाल्यांची काढा. दहाबारा मिनिटांचं काम. दर संघात एक अनुकूल, एक प्रतिकूल असल्यामुळे दोन्हीकडे वक्ते सारखेच असतात आणि तुलना सोपी होते. एका स्पर्धेचा फरक योगायोगाचा असू शकतो, पण पहिल्या पाचांत एकाच बाजूची पाच नावं आली असतील तर कागदावरची रेघ पुन्हा मारून बघा. मी एक वही ठेवली आहे. विषय, दोन सरासऱ्या आणि न सुचलेला एखादा मुद्दा जो कुण्या मुलाने मांडला. दारूबंदीच्या पानावर लिहिलंय: ‘गावात मत देणारी बाई, पण पिणारा नवरा मुंबईला.’ कोकणातल्या एका मुलाने हे मांडलं होतं. माझ्या पंधरा मिनिटांच्या कागदावर ते कुठेच नव्हतं.

आणि नोटीस छापायला जाते तेव्हा फोन करून ती समोरच्याला मोठ्याने वाचायला लावा. दारूबंदीच्या विषयातला जो ‘च’ मी इतका विचार करून ठेवला होता, तो टायपिंगमध्ये गळाला. निम्म्या महाविद्यालयांना व्हॉट्सॲपवर आलेला विषय ‘च’सकट होता, निम्म्यांना पोस्टाने आलेला बिनाचा. सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी दोन प्राध्यापक दोन कागद घेऊन उभे होते, आणि दोघांचंही बरोबर होतं.